हिरव्या चौकटीतली धूळ : मकरपुऱ्यातल्या एका फाउंड्रीचं प्रकरण

बडोद्याच्या दक्षिणेला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) करड्या लोखंडाचं ओतकाम करणारी एक छोटी फाउंड्री आहे, असं धरू. हे प्रकरण शिकण्या-शिकवण्यासाठी रचलेलं आहे. अशा फाउंड्र्यांमध्ये वर्षानुवर्षं जे दिसतं ते इथे एकाच छपराखाली आणलं आहे आणि कारखान्याचे आकडे त्यासाठी बेतले आहेत. कायदा, सूत्रं, मर्यादा आणि आजाराबद्दलची माहिती मात्र जशी आहे तशी दिली आहे.

फाउंड्रीत पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्हची झाकणं, मोटारींच्या एंडशील्ड ओतल्या जातात. मालक दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातले. त्यांचे आजोबा कलाभवनात शिकले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या संस्थेतून बाहेर पडलेल्या कारागिरांच्या घरांत यंत्राबद्दल जी आस्था असते, ती या मालकांतही आहे. भट्टीचं तापमान, वाळूतली ओल, रसाची (वितळलेल्या लोखंडाची) रासायनिक चाचणी, सगळ्याच्या नोंदी चोख असतात. कामावर चाळीस माणसं आहेत. त्यातली चोवीस कायम, सोळा मुकादमाकडून आलेली. शेकआऊट, फेटलिंग आणि झाडलोट या सोळा जणांकडे असते. शेकआऊट म्हणजे थंड झालेला साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं, आणि फेटलिंग म्हणजे त्याच्या कडा घासणं. ही माणसं दाहोदहून आणि सीमेपलीकडच्या झाबुआ-अलिराजपूरहून येतात, पेरणीला आणि होळीला गावी जातात, आणि परत येताना पुष्कळदा वेगळीच माणसं येतात.

एका मोठ्या ग्राहकाने ऑर्डर देण्याआधी धोक्यांच्या मूल्यमापनाचा तक्ता मागितला. सुपरवायझरने तो भरला. पद्धत सगळीकडे चालते तीच : घटना घडण्याची शक्यता १ ते ५, परिणामाची तीव्रता १ ते ५, दोन्हींचा गुणाकार. वितळलेला रस उडणं ३ गुणिले ५, म्हणजे १५, लाल. क्रेनची साखळी तुटणं २ गुणिले ५, म्हणजे १०, पिवळा. धूळ २ गुणिले २, म्हणजे ४, हिरवा. उपायाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मास्क दिले आहेत’.

सुपरवायझर कामचुकार नव्हता. रस उडून भाजलेला माणूस त्याने पाहिला होता, त्यामुळे त्या रकान्यात त्याचा हात आपोआप वर गेला. धुळीसाठी त्याने अपघातांची वही उघडली. तिच्यात धुळीमुळे काही झाल्याची एकही नोंद नव्हती, म्हणून शक्यता २. परिणाम म्हणजे खोकला आणि डोळ्यांची चुरचुर, म्हणून तीव्रता २. या पूर्ण प्रकरणातला निर्णायक क्षण मला हाच वाटतो. धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या ज्या आजाराला, सिलिकोसिसला, उघड व्हायला बहुधा दहा वर्षांहून जास्त लागतात, त्याची शक्यता मागच्या दोन-तीन वर्षांच्या वहीतून काढली गेली. ती वही त्या आजारापुढे आंधळी आहे.

गेटवरच्या फलकाचीही तीच गत. ‘अपघाताविना दिवस’ या आकड्याशेजारी अपघातांचा वारंवारिता दर लिहिलेला होता : शून्य. भारतीय मानक ३७८६ मध्ये हा दर काढण्याची रीत दिली आहे. कामाचा वेळ बुडवणाऱ्या दुखापती गुणिले दहा लाख, भागिले एकूण मनुष्यतास. फलकावरच्या हिशेबात फक्त कायम कामगार धरलेले होते. चोवीस माणसं, आठवड्याला ४८ तास, वर्षाला पन्नास आठवडे, म्हणजे ५७,६०० तास. वर्षभरात एकही दुखापत नसेल तर दर शून्य, आणि एक झाली की थेट १७.४. शून्य आणि सतरा यांच्या अधेमधे उभं राहायला या कारखान्याला जागाच नाही. एवढ्या लहान ठिकाणी हा दर सुरक्षिततेबद्दल फारच थोडं सांगतो, आणि सर्वाधिक धुळीत उभी असलेली सोळा माणसं तर भाजकातही नव्हती.

फाइलमधला दुसरा कागद

मूल्यमापन तपासायला औद्योगिक आरोग्याचं शिक्षण घेतलेली एक तज्ज्ञ आली. सुपरवायझर तिला ताई म्हणत, कामगार बेन. तिने धुळीच्या रकान्यावर बोट ठेवलं तेव्हा मालकांनी फाइल पुढे केली. “हवेची तपासणी झालेली आहे, ताई. मर्यादेच्या आत आहे.”

तो अहवाल खरा होता, फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटीसाठी आवारात, कुंपणाजवळ, यंत्र ठेवून पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे हवेतले कण, मोजलेलं होतं. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार त्याची चोवीस तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. कुंपणाबाहेरच्या वस्तीला काय पोचतं हे त्यातून कळतं. शेकआऊटच्या जाळीपाशी वाकलेल्या माणसाच्या नाकात काय जातं, याबद्दल तो कागद काहीच सांगत नाही. दोन्ही कागदांवर ‘हवा’ आणि ‘धूळ’ हेच शब्द असल्यामुळे ही गल्लत फार कारखान्यांत होते आणि बरीच वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

“काका, आपण माणसावर मोजू,” ती म्हणाली.

फुप्फुसाच्या अगदी आतल्या पिशव्यांपर्यंत पोचणारे कण साधारण चार मायक्रॉन आणि त्याहून लहान असतात. उन्हाच्या तिरिपीत नाचताना दिसते ती धूळ बरीचशी त्याहून मोठी, ती नाकात-घशात अडकते. खरी घातक धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि तासन्‌तास हवेत तरंगते. फाउंड्रीची वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, स्फटिक रूपातली सिलिका. साधारण ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झचा स्फटिक रूप बदलतो आणि फुगतो, थंड होताना पुन्हा आकसतो. वाळू प्रत्येक ओतकामात ताप खाते, कण तडकतात, आणि तीच वाळू पुन्हा वापरली की बारीक चुरा वाढत जातो. जुन्या वाळूला ‘मुरलेली’ म्हणून मान असतो. श्वासासाठी मात्र नवी बरी.

मोजणीचं साहित्य साधं. कमरेला छोटा पंप, त्याची नळी खांद्यावरून कॉलरपर्यंत, कॉलरला सायक्लोन आणि त्याच्यावर ३७ मिलिमीटरचा गाळणकागद. सायक्लोन मोठे कण खाली टाकतो, बारीक तेवढे कागदावर जातात. नायलॉनच्या सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर हवा लागते. प्रवाह कमी-जास्त झाला की गाळणीच बिघडते, म्हणून तो पाळीआधी आणि पाळीनंतर तपासायचा. आठ तासांत ८१६ लिटर हवा कागदातून जाते. प्रयोगशाळेत आधी वजनातली वाढ पाहतात, मग क्ष-किरण विवर्तनाने त्यातलं क्वार्ट्झ किती ते काढतात.

पहिल्या दिवशी कामगार बिचकले. आपण किती काम करतो हे त्या डबीतून मालकाला कळेल, अशी कुजबुज झाली. ताईने पंप उघडून दाखवला, कागद दाखवला, आणि निकाल सगळ्यात आधी त्यांनाच सांगेन असा शब्द दिला. तो तिने पाळला. मोजणी होणाऱ्याला निकाल न सांगण्याची रीत मला सरळ अन्याय वाटते. फुप्फुस त्याचं, आकडा फाइलचा, असं कसं चालेल?

आकडे काय म्हणाले

शेकआऊटवरच्या माणसाच्या कागदावर ०.९८ मिलिग्रॅम धूळ आली. ०.८१६ घनमीटरने भागलं की १.२० मिलिग्रॅम प्रति घनमीटर. तिच्यात क्वार्ट्झ १२ टक्के.

आता मर्यादा कोणती? भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियम १९४८ मध्ये दुरुस्ती झाली, कलम ४१-एफ आलं आणि दुसऱ्या परिशिष्टात घातक पदार्थांच्या मर्यादा आल्या. त्या अधिनियमाची जागा घेणारी, कामाच्या जागेवरच्या सुरक्षेची संहिता २०२० सालची आहे आणि ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, पण कारखान्यांच्या फायलींत ओळखीचं आहे ते परिशिष्टातलं सूत्र : श्वसनीय धुळीची मर्यादा म्हणजे १० भागिले, क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २. इथे १० भागिले १४, म्हणजे ०.७१. मोजलेली धूळ १.२०, मर्यादेच्या जवळपास पावणेदोनपट.

मोल्डिंगवर, म्हणजे साचे बनवण्याच्या जागी, धूळ ०.४५, क्वार्ट्झ ८ टक्के, मर्यादा १.०. आकडा निम्म्याच्या आत. फेटलिंगवर धूळ ०.७०, क्वार्ट्झ १० टक्के, मर्यादा ०.८३. काठावर, पण आत.

इथे थांबलं असतं तर एक ठिकाण लाल आणि दोन हिरवी म्हणून काम आटोपलं असतं. ताईने दुसरा हिशेब मांडला. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने पूर्वी चालणारं हेच सूत्र २०१६ मध्ये बाजूला ठेवलं आणि निव्वळ सिलिकेची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर केली. कृतीची पातळी, म्हणजे जिच्यापासून मालकाने पावलं उचलायची ती, २५. त्या मापाने शेकआऊट १४४ (१.२० मिलिग्रॅमच्या १२ टक्के), फेटलिंग ७०, मोल्डिंग ३६. म्हणजे परिशिष्टाप्रमाणे बिनधोक ठरणारं फेटलिंग या मापाने मर्यादेबाहेर जातं. फुप्फुस तेच आणि धूळही तीच, पण एका तक्त्यात हिरवं आणि दुसऱ्यात लाल. धोका मोजणाऱ्याने दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. कायद्याची रेषा मालकाचं दायित्व ठरवते. छाती तिथे थांबत नाही.

आणखी एक गोष्ट. एका दिवसाचा आकडा म्हणजे एकच दिवस. शेकआऊटवर पुढच्या दोन मोजण्यांत ०.८६ आणि १.९० आले. कामाच्या जागेवरच्या धुळीचे आकडे सरासरीभोवती सारखे पसरत नाहीत, वरच्या बाजूला त्यांचं शेपूट लांब असतं. म्हणून गुणोत्तर सरासरी काढतात, ती इथे सव्वा. पसरणीवरून वाईट दिवसांचा अंदाज केला, म्हणजे शंभरातले पंचाण्णव दिवस ज्याच्या खाली राहतील तो आकडा, तर तो २.४ च्या आसपास येतो. तीनच नमुन्यांवरचा अंदाज ढोबळच, पण दिशा स्पष्ट आहे. मोल्डिंगच्या ‘निम्म्याच्या आत’ या समाधानालाही यातून उत्तर मिळतं. युरोपच्या २०१८ च्या मानकात तीनच मोजण्यांवर ‘पालन होतं’ म्हणायचं असेल तर तिन्ही मोजण्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाच्या आत लागतात. मोल्डिंग त्याच्या जवळपासही नव्हतं.

नळीचा शोध

मालकांनी आकडे शांतपणे ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी शेकआऊटवर धूळ ओढून घेणारा मोठा हूड बसवण्याचं कोटेशन मागवलं. रक्कम या कारखान्याला जड होती, तरी त्यांची तयारी होती. ताईने त्यांना जरा थांबवलं. पूर्ण पाळीची सरासरी धूळ किती ते सांगते. केव्हाची, ते सांगत नाही.

तिने शेकआऊटच्या माणसावर प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारं, क्षणोक्षणी आकडा देणारं उपकरण लावलं. ते कागदावरच्या वजनाशी जुळवून दुरुस्त केलं आणि दिवसभर काय काम चाललंय ते वेळेसकट टिपलं. साचे फोडताना आकडा चढायचा आणि उतरायचा. खरा डोंगर मात्र पाळी संपताना होता. शेवटची चाळीस मिनिटं माणसं कॉम्प्रेसरची नळी घेऊन जाळी, फरशी, यंत्रं फुंकून साफ करत आणि सरतेशेवटी तीच नळी एकमेकांच्या अंगावर मारून कपडे झटकत. त्या चाळीस मिनिटांत सरासरी ९ मिलिग्रॅम प्रति घनमीटर होते.

९ गुणिले ४०, भागिले ४८०, म्हणजे ०.७५. पूर्ण दिवसाच्या १.२० पैकी ०.७५ फक्त सफाईतून येत होते. उरलेल्या चारशे चाळीस मिनिटांचं, साचे फोडण्यासकट, मिळून ०.४५. सफाई म्हणजे चांगली सवय, असं सगळेच मानत आले होते, आणि धोक्याच्या तक्त्यात तिचा रकानासुद्धा नव्हता. तक्ता यंत्रांच्या यादीवरून भरला जातो. झाडणं हे यंत्र नाही.

नळीने फुंकणं बंद करून बारीक गाळणीचा औद्योगिक व्हॅक्यूम आणणं हा उपाय हूडच्या मानाने स्वस्त आणि लगेच होणारा. झाडण्याआधी वाळूवर पाणी शिंपडणंही ठरलं, पण भट्टी आणि ओतण्याच्या जागेपासून लांबच. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी अडकलं की त्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. एका रकान्यातला धोका उतरवताना दुसऱ्या रकान्यातला चढणार नाही ना, हे तपासणं मोजणीचाच भाग आहे.

शेकआऊटचा प्रश्न पैशात अडकलेला निघाला. साचा जरा जास्त वेळ थंड होऊ दिला आणि वाळूत थोडी ओल राहिली तर धूळ घटते. पण मुकादमाची माणसं नगावर काम करत होती. थांबलं की रोज बुडतो. “बेन, आम्ही थांबू, पण पोरांचं काय?” असं त्यांच्यातला वयाने मोठा माणूस म्हणाला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी शेकआऊटला नगाऐवजी दिवसाचा दर लागला. धोक्याच्या तक्त्यात मजुरीच्या रीतीला रकाना नसतो. इथे तरी धूळ कमी करणाऱ्या उपायांत तिचा वाटा मोठा होता.

मास्क या उपायाची परीक्षा अर्ध्या तासात झाली. दिलेले मास्क पातळ कापडी होते, आणि बहुतेकांनी गमछाच बांधलेला. चार मायक्रॉनचा कण दोन्हींतून आरपार जातो. गाळणारा मास्क हवा, तो चेहऱ्याला फटीशिवाय बसायला हवा, दाढीवर तो बसत नाही, आणि भट्टीजवळच्या उकाड्यात तो आठ तास तोंडावर राहत नाही. नियंत्रणाच्या उतरंडीत, म्हणजे धोका मुळातून काढण्यापासून सुरू होणाऱ्या उपायांच्या क्रमात, मास्क सगळ्यात शेवटी येतो त्याची कारणं हीच.

ज्याची नोंद नव्हती तो माणूस

मोजणीबरोबर छातीची तपासणीही ठरली, आणि ताईच्या आग्रहावरून ती सोळा जणांचीही झाली. पोरांचं विचारणारा तो मोठा माणूस पंधरा-सोळा वर्षं वेगवेगळ्या फाउंड्र्यांत शेकआऊट करत आलेला. जिना चढताना दम लागायचा. टीबीच्या गोळ्यांचा कोर्स दोनदा झालेला, थुंकीच्या तपासणीत मात्र दोन्ही वेळा काही सापडलं नव्हतं. काम काय करतोस, हे कोणत्याच डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. एक्स-रे जेव्हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाण फिल्मशी ताडून वाचला गेला, तेव्हा वरच्या भागात दोन्हीकडे बारीक गोल सावल्या दिसल्या. सिलिकोसिस.

या आजारावर औषध नाही. धूळ थांबली तरी तो पुढे सरकू शकतो, आणि सिलिका भरलेल्या फुप्फुसात टीबी सहज घर करतो, त्यामुळे दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच स्फटिक सिलिकेला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार होता. त्यातल्या कलम ८९ प्रमाणे कारखान्याने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही तो कळवायचा असे. मुकादमाकडून आलेल्या कामगारालाही ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो, आणि तिथे हा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. मालकांनी कळवलं. सुपरवायझरला वाटलं आपल्यावर ठपका येईल. मालक म्हणाले, “येऊ दे. माणूस आपल्याकडे उभा होता.” त्याला शेकआऊटवरून काढून पॅटर्नच्या (साच्यांच्या नमुन्यांच्या) खोलीत, त्याच मजुरीवर, काम दिलं.

असा माणूस एरवी गावी जातो आणि तिथेच संपतो. कारखान्याची वही कोरी राहते. बडोद्यापासून फार लांब नसलेल्या गोध्र्याच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातून आलेल्या आदिवासी मजुरांचं हेच झालं. दगडाचं पीठ छातीत घेऊन माणसं अलिराजपूर, झाबुआ, धारला परतली आणि तिथे गेली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या शिफारशीनंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. ते २३८ मृत्यू कोणत्याही गेटवरच्या ‘अपघाताविना दिवस’ फलकावर उमटले नसते.

तक्ता पुन्हा भरताना

नव्या तक्त्यात धुळीच्या ओळीपुढे ‘शक्यता’ हा रकाना अंदाजाने भरायचा नाही असं ठरलं. त्याजागी मोजलेल्या धुळीचं मर्यादेशी प्रमाण आलं, तेही वाईट दिवसाचं : दहा टक्क्यांच्या आत, दहा ते पन्नास, पन्नास ते शंभर, शंभराच्या वर. तीव्रता सिलिकेसाठी कायम ५, कारण आजार बरा होत नाही. शेकआऊट आणि सफाई लाल झाली आणि पहिल्यांदाच रस उडण्याच्या ओळीच्या बरोबरीने तक्त्याच्या वरच्या भागात आली. मनुष्यतासांत चाळीसही माणसं धरली. फलकावर त्या-त्या कामाचा धुळीचा शेवटचा आकडा गुजराती आणि हिंदीत लागला.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं. नळी बंद, व्हॅक्यूम सुरू, दिवसाचा दर, साचा थंड होण्याला वाढीव वेळ, आणि आधीच्या कोटेशनच्या निम्म्या आकाराचा बाजूने ओढणारा हूड. शेकआऊटवर धूळ ०.४२, क्वार्ट्झ ११ टक्के. परिशिष्टाची मर्यादा ०.७७, त्याच्या बरीच आत, आणि निव्वळ सिलिका ४६ मायक्रोग्रॅम, म्हणजे पन्नासच्या जेमतेम खाली. फेटलिंगवर ०.६२, सिलिका ६२. तिथे फारसं काही हललं नव्हतं, कारण तिथली धूळ ग्राइंडरच्या चाकाखालून निघते आणि झाडण्याशी तिचा संबंध थोडाच.

“कायद्यात बसतंय ना?” मालकांनी विचारलं.

“बसतंय,” ताई म्हणाली, “पण त्या टेबलावरची दोन्ही पोरं बावीस-तेवीस वर्षांची आहेत, काका. अजून तीस वर्षं त्यांना हेच काम करायचंय.”

फेटलिंगच्या दोन टेबलांना खालून हवा ओढणारी जाळी बसवायची ऑर्डर गेली आहे. तोवर त्या दोघांना नीट बसवून तपासलेले गाळणारे मास्क आणि दर दोन तासांनी कामाची अदलाबदल. पुढची मोजणी जानेवारीत, थंडीमुळे शेडची दारं लावलेली असताना करायची ठरली आहे. आतापर्यंतचे सगळे आकडे दारं उघडी असतानाचे आहेत.